भावी खासदार, वॉर्ड नंबर सात

१४ मार्च १९९३
आजपासून रोजनिशी. कारण आज मी, प्रल्हाद चुरी, नगरसेवक झालो. वॉर्ड नंबर सात, पोटनिवडणूक, बिनविरोध. समोरच्याने अर्जावर सही करायची राहून गेली म्हणून तो छाननीत बाद झाला, असं लोक म्हणतात. लोक काहीही म्हणतात. माझ्याविरुद्ध सही करायला त्याचा हात उचलला नाही, ही खरी गोष्ट.
आल्बर्टने बेकरीतून अख्ख्या गल्लीला नानकटाई वाटली. सांडोर गावात आमच्या केळीच्या वाडीला लागूनच त्याचं घर. पुढे मी स्टेशनजवळ फ्लॅट घेतला आणि त्याने मागच्या गल्लीत बेकरी टाकली. शाळेपासूनचा मित्र. पण राजकारणाची समज नाही. पहिलं काम काय करणार, असं विचारलं. म्हटलं, विचार करतो. तर म्हणाला, विचार कसला, गटार कर, पावसात पाणी माझ्या उंबऱ्याला लागतं.
संकल्प: गटार. पावसाळ्यापूर्वी.
ही वही कोणालाही दाखवायची नाही. बायकोला, विनयालाही नाही.

६ एप्रिल १९९३
नगरपरिषदेची पहिली सभा. विषय होता दिवाबत्ती. मी देशाच्या आर्थिक परिस्थितीवर बोललो. नगराध्यक्षांनी दोनदा घंटी वाजवली. शेजारचे सदस्य म्हणाले, चुरी, खांबाबद्दल बोला, खांबाबद्दल.
सभागृह लहान पडतंय. पहिल्याच दिवशी.

२३ मे १९९३
जनसंपर्क कार्यालय सुरू! जागा कुठेच मिळेना. शेवटी माझ्याच डोक्यात आलं. बेकरीच्या बाजूला गटार उघडं पडलंय, त्यावर स्लॅब टाकून वर खोली बांधली. घाण झाकली गेली, जनतेची सोय झाली.
आल्बर्ट बराच वेळ स्लॅबकडे बघत होता. मग म्हणाला, आता गटार साफ कुठून करायचं? म्हटलं, अरे, आधी कार्यालय तर होऊ दे, गटाराच्या तक्रारी घ्यायलाच ते आहे.
विनयाचं म्हणणं, खोलीपेक्षा बोर्ड मोठा झालाय. बोर्ड लांबून दिसावा लागतो. तिला कोण सांगणार.

९ जुलै १९९३
गल्लीत पाणी. बेकरीत पाणी. मुख्याधिकाऱ्यांना अत्यंत कडक पत्र लिहिलं. प्रत कलेक्टरना. "सदर गटार तुंबण्यास प्रशासनाची अनास्था कारणीभूत आहे." वाक्य जमलंय. पाय वर घेऊन लिहिलं, कारण कार्यालयातही पाणी होतं.

२ डिसेंबर १९९४
नोकरीचा राजीनामा दिला. रंगाच्या कंपनीत आकडे जुळवत बसायला माझा जन्म नाही. नगरपरिषदेत काही होत नाही, कारण सगळं मंत्रालयात अडतं. तेव्हा विधानसभा. पक्ष तिकीट द्यायला तयार नाहीत. म्हणजे घाबरले आहेत. अपक्ष उभा राहणार.
विनयाला जेवताना सांगितलं. ती भात वाढत होती, वाढतच राहिली. मग म्हणाली, शाळेतल्या माझ्या पगारात घर चालेल, आपल्या उन्नतीचं शिक्षणही होईल. पण हे पुन्हा पुन्हा विचारायला येऊ नका. म्हणजे परवानगी दिली. घरचा पाठिंबा असला की माणूस निम्मा जिंकतो.

२८ जानेवारी १९९५
निशाणी मिळाली. छताचा पंखा. मी विमान मागितलं होतं. असो. पंखा प्रत्येक घरात असतो, म्हणजे माझा प्रचार प्रत्येक घरात, डोक्यावर, चोवीस तास.

५ फेब्रुवारी १९९५
गोखिवऱ्याला सभा. स्टेजवर खरा पंखा टांगला होता, लाल रिबिनी लावून. मी उठलो आणि म्हटलं, बंधू-भगिनींनो, हा पंखा आता फिरणार! लाइट गेली. लोक इतके हसले की लाइट परत आली तेव्हाही हसतच होते. वीज मंडळाची विरोधकांशी हातमिळवणी आहे, याची चौकशी झाली पाहिजे. निवडून आल्यावर.

मार्च १९९५, निकालाचा दुसरा दिवस, सकाळ
डिपॉझिट गेलं. पण आकडे नीट वाचायला हवेत. आमच्या बूथवर मला तीन मतं. एक माझं. आल्बर्ट शपथेवर सांगतो की दुसरं त्याचं आणि तिसरं त्याच्या बायकोचं, सेलिनचं. सेलिनही तेच म्हणाली, आणि ती विनयाच्या शाळेत शिकवते, खोटं बोलणाऱ्यातली नाही.
विनयाला विचारलं. ती म्हणाली, मतदान गुप्त असतं.

११ नोव्हेंबर १९९६
नगरपरिषदेची मुदत संपली. पुन्हा उभा राहिलो नाही. आमदारकी लढवलेल्या माणसाने परत वॉर्डात यायचं म्हणजे चुकीचा संदेश जातो. (कोणी विचारलंही नाही, पण तो वेगळा मुद्दा.) एका मोठ्या पक्षात प्रवेश केला. हार जिल्हाध्यक्षांनी स्वतः घातला. घाईत होते, त्यामुळे मागच्याचा मला आणि माझा मागच्याला.
बोर्ड बदलला: माजी नगरसेवक, भावी आमदार.

१९ ऑगस्ट १९९९, दिल्ली
लोकसभेचं तिकीट मागायला आलोय. खूप विचार केला. माझी चूक एवढीच होती की मी विधानसभेसारखी लहान जागा मागत होतो. दिल्लीशिवाय गटाराचा प्रश्नसुद्धा सुटणार नाही.
येताना सांडोरला वाडीवर गेलो. अनसूयावहिनींनी सुकेळी बांधून दिली. राजेळी केळी सोलून उन्हात सुकवायची आणि केळीच्याच सुक्या पानात गुंडाळायची, हे आमच्याकडे आता त्यांनाच जमतं. म्हणाल्या, भाऊजी, परगावी जाताय, तिकडे जेवण मिळेल न मिळेल, हे असू दे.
सकाळपासून आमच्या पक्षाच्या मोठ्या साहेबांच्या बंगल्याच्या व्हरांड्यात बसलोय. माझ्या आधी बसलेले गेले, नंतर आलेलेही गेले. दुपारी सेक्रेटरीने पुडक्याचा वास घेतला आणि आत घेऊन गेला. थोड्या वेळाने धावत आला, चलिये, चलिये.
साहेब खात होते. मी गटार, रस्ते, पाणी, देश, सगळं सांगितलं. साहेबांनी डोळे मिटून ऐकलं. शेवटी डोळे उघडून म्हणाले, और है?
दोनच शब्द. दिल्लीत कमी बोलून खूप सांगतात.

३० ऑगस्ट १९९९
तिकीट दुसऱ्याला. पण सेक्रेटरीचा फोन आला होता! साहेबांनी माझी आठवण काढली. सोबत आणखी सुकेळी पाठवायला सांगितलं आहे. जिल्हाध्यक्षांना तरी कधी दिल्लीचा फोन येतो का?
बोर्ड बदलला. भावी खासदार.

१७ मार्च २००१
दिल्लीशी संबंध घट्ट होत चाललेत. दिवाळीला फोन, संक्रांतीला फोन, आता होळीला फोन. दर वेळी गाडीने पुडकी रवाना. वहिनी कुरकुरतात. राजेळीची झाडं कमी झालीत, विहिरीचं पाणी मचूळ लागतंय, गुडघे दुखतात. आज तर म्हणाल्या, भाऊजी, तुमच्या साहेबांच्या घरात माणसं किती आहेत हो? मी म्हटलं, वहिनी, हे राष्ट्रकार्य आहे. त्या म्हणाल्या, मग राष्ट्राला सांगा चटयांवरचे कावळे हाकलायला.
वाडीत राहून माणसाची दृष्टी मर्यादित होते.

४ जुलै २००२
बेकरीत पाणी. आल्बर्टचा मैदा भिजला. तो कार्यालयात आला आणि सरळ म्हणाला, प्रल्हाद, तुझ्या खुर्चीखाली गटार अडलंय. एकदा स्लॅब फोडून बघू.
मी शांतपणे समजावलं. हा तांत्रिक विषय आहे. मुख्याधिकाऱ्यांना मी आजवर गठ्ठाभर पत्रं लिहिली आहेत, एकाचंही उत्तर नाही. दोष तिथे आहे. खुर्चीखाली नाही.
त्याच्या घरच्या बोलीत काहीतरी पुटपुटत तो गेला. एवढा मोठा बोर्ड शेजारी लागला की माणसाला थोडी असूया वाटणारच. मी मनावर घेत नाही.

२२ मार्च २००४
दिल्लीहून निरोप: उद्या सकाळी फोनजवळ थांबा, महत्त्वाचं काम आहे. लोकसभेचे अर्ज सुरू झालेत. आणखी काय काम असणार? यंदा नक्की.
गल्लीत सांगितलं. मुद्दाम नाही, सहज. आल्बर्टने ऐकलं. मग विचारलं, केक किती मोठा हवा?

२३ मार्च २००४
कार्यालयात जागा पुरेना. लोक बाहेर उभे. आल्बर्ट आणि सेलिन केक घेऊन. वर पांढऱ्या आयसिंगमध्ये 'खासदार' लिहिलेलं. विनया शाळेतून अर्धी रजा काढून आली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती माझ्या कार्यालयात आली. निळी साडी नेसली होती.
फोन वाजला. सेक्रेटरी. साहेबांच्या मेहुण्याच्या घरी लग्न आहे. पाहुण्यांना देण्यासाठी सुकेळी हवीत. दोनशे पुडकी.
सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी ताठ उभा राहून म्हणालो, जी साहब, माझी पूर्ण तयारी आहे. फोन ठेवला. जमलेल्यांना सांगितलं की राष्ट्रीय पातळीवरची एक जबाबदारी माझ्यावर आली आहे, तपशील आत्ता उघड करता येत नाही.
कोणी टाळी वाजवली नाही. सेलिन म्हणाली, केक तरी कापा, आल्बर्ट पहाटेपासून त्यावर राबत होता. कापला. 'खास' माझ्या वाट्याला आलं, 'दार' गल्लीत वाटलं गेलं.
घरी आल्यावर विनयाने साडी बदलताना आतून विचारलं, किती पुडकी?

२४ मार्च २००४
वहिनींनी साफ नकार दिला. म्हणाल्या, एक झाड लावा भाऊजी, मग मागा. थोरल्या वहिनींनी असं बोलावं! मी दिल्लीला कळवलं की हवामान अनुकूल नाही.

१६ जून २००४
साहेबांचं मंत्रिपद गेलं. फोन केला. नवा सेक्रेटरी. कौन चुरी? मी सांगितलं. त्याने मागे कोणाला तरी विचारलं. मग म्हणाला, अच्छा, वो केलेवाला.
लाइन खराब होती.

२८ जुलै २००५
परवापासूनचं आज लिहितोय. २६ तारखेला मी मुंबईत पक्ष कार्यालयात होतो. विधान परिषदेसाठी माझा विचार व्हावा असा अर्ज द्यायचा होता. तिथेच अडकलो. असा पाऊस कधी पाहिला नव्हता. दोन दिवस टेबलावर झोपलो. फोन लागत नव्हते. आज चालत, टेम्पोत, पुन्हा चालत घरी पोचलो.
विनया, उन्नती सुखरूप. देवाची कृपा. बसून चहा प्यायलो.
मग गल्लीत गेलो. माझं कार्यालय फोडलंय! खुर्च्या बाहेर, बोर्ड चिखलात उपडा, जमिनीला भलं मोठं भगदाड. हा लोकशाहीवर हल्ला आहे. उद्या पोलिसांत तक्रार.

२८ जुलै, नंतर
तक्रारीचा मसुदा विनयाला वाचून दाखवला. "अज्ञात समाजकंटकांनी कुलूप तोडून..." तिने थांबवलं. म्हणाली, कुलूप कोणी तोडलं नाही, किल्ली मी दिली.
मग तिने सांगितलं. पाणी छातीपर्यंत आलं होतं. आल्बर्टची म्हातारी आई बेकरीमागच्या खोलीत खाटेवर. तिला खांद्यावर घेऊन आल्बर्ट आमच्या जिन्यात आला. पाऊस थांबला तरी पाणी हलेना. तेव्हा सेलिनने चार माणसं आणि पहारी गोळा केल्या. स्लॅब फुटला. खाली चिखल, प्लॅस्टिक, आणि माझ्या पंख्याच्या प्रचाराची कापडी बॅनर. ती ओढून काढली आणि गल्ली बघता बघता रिकामी झाली.
म्हटलं, योगायोग असू शकतो. ओहोटी लागली असेल.
विनयाने माझ्याकडे पाहिलं. चिडली असती तर बरं झालं असतं.

२९ जुलै २००५
बेकरीत गेलो. भट्टी खचलीय. आल्बर्ट फावड्याने गाळ काढत होता. मी म्हटलं, सरकारी मदतीसाठी मी स्वतः पत्र लिहितो, दिल्लीपर्यंत लिहितो. त्याने मान वर केली नाही. फावडं चालूच. मी थोडा वेळ उभा राहिलो. मग माझ्या चपलांजवळचाच गाळ काढायला लागला, म्हणून बाजूला झालो.

१२ ऑगस्ट २००५
बेकरी अर्धी सुरू झाली. सकाळी आमच्या दाराच्या कडीला पाव नव्हता. गेली सोळा-सतरा वर्षं तो न सांगता लावत होता. चहाबरोबर बिस्किट खाल्लं. बिस्किटात काही दम नाही.

७ ऑक्टोबर २००५
नगरपरिषदेच्या आरक्षणाची सोडत. वॉर्ड सात: महिला. मला उभं राहायची इच्छा नव्हतीच. पण यात संधी आहे. विनयाला उभं करायचं. नाव तिचं, अनुभव माझा. घरी येता येता स्टेशनपासून भाषणही तयार केलं.
विनया उत्तरपत्रिका तपासत होती. ऐकून घेतलं. म्हणाली, सेलिन उभी राहतेय, अपक्ष. तिच्या अर्जावर सूचक म्हणून माझी सही आहे.
माझ्याविरुद्ध घरातच सही झाली. मी उभा नसताना.

२० नोव्हेंबर २००५
आज सेलिनची गल्लीसभा. गेलो नसतो, पण गॅलरीतून ऐकू येत नव्हतं. मागे उभा राहिलो. एक बाई म्हणाल्या, काका, जरा खाली बसा, दिसत नाही.
सेलिन पाच मिनिटंसुद्धा बोलली नाही. गटार कुठून कुठपर्यंत उघडं ठेवायचं, कचऱ्याची गाडी किती वाजता, टँकर कोणाच्या दारात थांबतो आणि का थांबतो. देश आलाच नाही. शेवटी "मत द्या" म्हणायलाही विसरली, विनयाने खुणावलं.
कच्चं भाषण. पण मी शेवटपर्यंत ऐकलं, हेही खरं. मला स्वतःचं भाषणसुद्धा कधी शेवटपर्यंत ऐकवलं नाही.
आल्बर्ट चहा वाटत होता. माझ्यापुढे येऊन थांबला. ट्रे पुढे केला. मी कप घेतला. तो म्हणाला, साखर कमी आहे. म्हटलं, चालेल. जुलैनंतर पहिल्यांदा बोललो.

१० डिसेंबर २००५
उद्या मतदान. रात्रभर विचार नको म्हणून आत्ता दुपारीच ठरवून टाकतो. सेलिनला मत द्यायचं. कोणाला सांगायचं नाही. इतक्या वर्षांत स्वतःला सोडून कोणालाच मत दिलेलं नाही, हे आत्ता लिहिताना लक्षात आलं. पक्ष रागावेल. पक्षाला कळायला हवं मात्र.
लढत चुरशीची आहे. माझा अंदाज आहे की एखाद-दुसऱ्या मतावर निकाल लागेल. ते मत माझं असेल.

११ डिसेंबर २००५
सकाळी अंघोळ करून, पांढरा सदरा घालून, विनयाबरोबर शाळेतल्या बूथवर गेलो. रांगेत उभा राहिलो. ओळखीचे पुढे जा म्हणतील असं वाटलं होतं. कोणी म्हटलं नाही. ठीक.
विनयाचं नाव होतं. तिच्या बोटाला शाई लागली, ती आत गेली. माझं नाव सापडेना. क्लार्कने पान उलटलं, परत उलटलं. चुरी अनसूया आहेत, त्याही चुकून आमच्या पत्त्यावर. चुरी उन्नती आहे. चुरी प्रल्हाद नाही. मी सांगितलं, अहो, मी या वॉर्डाचा माजी नगरसेवक. क्लार्क म्हणाला, असाल हो, पण यादीत नाही.
वाद घातला. मोठ्याने घातला. घटना, मूलभूत हक्क, दिल्ली, सगळं काढलं. पोलिसाने हळूच कोपराला धरलं आणि म्हणाला, काका, सावलीत चला.
सावलीत आल्बर्ट टेबल टाकून बसला होता. त्याने बाजूची खुर्ची सरकवली. मी बसलो. त्याला सांगितलं की मत द्यायला आलो होतो. कोणाला ते नाही सांगितलं. तो म्हणाला, माहीत आहे. कसं माहीत, देव जाणे.
दुपारी जेवण गेलं नाही. माझ्या एका मताने सेलिन पडली तर?

१३ डिसेंबर २००५, रात्र
सेलिन निवडून आली. समोरच्या सगळ्यांची मिळून बेरीज केली तरी तिच्या निम्मी होत नाही. मी दोनदा करून बघितली. माझं मत असतं तरी काही फरक पडला नसता.
संध्याकाळी मिरवणूक गल्लीतून आली. बँड, गुलाल, उघडी जीप. सेलिन संकोचून बसलेली, शेजारी विनयाला तिनेच ओढून घेतलेलं होतं. आमच्या बिल्डिंगखाली जीप थांबली, विनया उतरली. मी गॅलरीत उभा होतो. जीप पुन्हा निघाली तेव्हा सवयीने माझा उजवा हात वर गेला, जनतेला करतात तसा, पंजा उघडा. खाली कोणी वर बघितलं नाही. सगळ्यांच्या माना पुढे. हात खाली घ्यायचं सुचेना. बँड वळणाच्या पलीकडे गेला तरी तसाच.
मागून विनया केसांतला गुलाल झटकत आली. म्हणाली, हात वर आहेच, तर दोरीवरचे टॉवेल काढा.
काढले. अजून जरा ओलसर होते.